इस्त्री केलेलं गाव

ब्रुस्नोव गावात चार पूल आहेत, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. दोन दगडी, एक लाकडी आणि चौथा लोखंडी, काच-विद्यालयाच्या मागच्या अंगाला, ज्याच्यावरून जड वाहनांना बंदी आहे. चेक देशाच्या उत्तरेला, जर्मनीची हद्द सायकलने गाठता येईल इतक्या जवळ, याव्होर्का नावाच्या ओढ्याच्या दोन्ही काठांनी हे गाव लांबच लांब पसरलेलं आहे. रुंदी नाहीच, नुसती लांबी. मागे बीच नावाच्या झाडांचं जंगल, आणि जंगलाच्या डोक्यावर काळ्या खडकाची टेकडी. "बसाल्ट! आपल्या सह्याद्रीचाच खडक," हे वाक्य बाबा अशा थाटात म्हणायचे, की सह्याद्रीने तिकडे एक शाखा काढली आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं. ही सगळी माहिती शारजातल्या अल मजाजमध्ये, खाडीच्या कारंज्याकडे अर्धी खिडकी असलेल्या आमच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, आल्यागेल्या प्रत्येकाला चहाबरोबर दिली जायची. बाबा ब्रुस्नोवला कधीही गेलेले नव्हते. शारजा-मुंबई आणि मुंबई-शारजा याखेरीज त्यांनी विमानाचा कुठलाच रस्ता पाहिलेला नव्हता.

बाबा दुबईतल्या अल क्वोजमधल्या एका गोदामाचे स्टोअर इन्चार्ज होते. बाहेरून पत्र्याची शेड, एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला सोफ्यांचं वर्कशॉप, आणि आत झुंबरं. झुंबरं म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते नव्हे. ती सुटी करून पेट्यांत भरून येत. वळणदार काचेच्या दांड्या एका पेटीत, वाट्या दुसरीत, लोलक तिसरीत. बाबांनी पेट्या उघडायच्या, यादीशी ताळा करायचा, फुटलेलं बाजूला काढायचं आणि बाकीचं फिटरच्या हवाली करायचं. मग ते कुणाच्या तरी व्हिलात किंवा लग्नाच्या हॉलात टांगलं जायचं, आणि बाबांना ते लटकलेलं कधीच दिसायचं नाही. प्रत्येक लोलक कागदात गुंडाळलेला असे, आणि तो कागद म्हणजे ब्रुस्नोवच्या साप्ताहिकाचा चतकोर तुकडा. गोदामातले बाकीचे लोक तो चुरगळून पोत्यात भरत. पण बाबा मुंबईच्या कॉलेजातून भूगोल घेऊन बी.ए. झालेले. मास्तर व्हायचं होतं, झाले स्टोअरकीपर. अशा माणसाच्या हाती एका अख्ख्या गावाचे चुरगळलेले तुकडे दर कंटेनरमागे पोतंभर येऊन पडत होते. व्हायचं तेच झालं.

शुक्रवारी सकाळी आमच्या घरी इस्त्री असायची. (आता तिकडची सुट्टी शनिवार-रविवार झाली, पण माझ्या डोक्यात अजूनही शुक्रवारलाच पोह्यांचा वास येतो.) हॉलमध्ये एसीची घरघर, खाली मशिदीत जुम्म्याची तयारी, स्वयंपाकघरात फोडणीत तडतडणारी मोहरी, आणि मधोमध इस्त्रीचं टेबल लावून बाबा. एकेक तुकडा पाण्याच्या फवाऱ्याने दमट करायचे, वर मलमलचा पंचा पसरायचे आणि मंद इस्त्री फिरवायचे. स्वतःच्या शर्टाला त्यांनी जन्मात इस्त्री केली नाही, ते खातं आईचं. शाई उमटलेला पंचा बाजूला ठेवायला ते विसरायचे आणि त्याच इस्त्रीने, त्याच टेबलावर आई माझा शाळेचा पांढरा शर्ट घ्यायची. मी आठवीत असताना दोन दिवस पाठीवर पुसट अक्षरांतली चेक जाहिरात घेऊन शाळेत गेले. ती खतांची जाहिरात होती, हे बाबांनी नंतर कौतुकाने वाचून दाखवलं. आई म्हणाली, "अहो, पोरगी आहे ती, भिंत नाही." बाबांनी विचारलं, "दुसरा शर्ट पण तसाच आहे का? उरलेला मजकूर असेल त्याच्यावर."

शारजाच्या पुस्तक प्रदर्शनातून त्यांनी एक चेक-इंग्लिश डिक्शनरी आणली होती. "पस्तीस दिरहम, म्हणजे जवळजवळ सव्वाचारशे रुपये!" असं घरात शिरताना मोठ्याने सांगून त्यांनी तिचं स्वागत केलं. ती मांडीवर घेऊन ते एकेक तुकडा सोडवत, वरती पेन्सिलीने मराठी लिहीत, आणि मग तो प्लास्टिकच्या फायलीत जाई. फायली तीन: भूगोल, इतिहास आणि संकीर्ण. भूगोल कशावरून शिकले म्हणाल, तर नगरपालिकेच्या सूचनांवरून. 'गटाराच्या कामामुळे चर्चपासून लाकडी पुलापर्यंतचा रस्ता बंद' असं आलं की बाबांच्या नकाशात एक रस्ता वाढे. गटार जिथे जिथे तुंबलं तिथे तिथे ब्रुस्नोव आम्हाला स्पष्ट होत गेलं. हा नकाशा आमच्या हॉलच्या भिंतीवर होता. इतरांच्या घरी तिथे गणपती असतो. आमच्याकडे गणपतीला सरकवून टीव्हीच्या वर बसवलं होतं.

इतिहासाची फाईल भरजरी होती. शेकडो वर्षांपूर्वी इथले काचवाले पाठीवर पेट्या बांधून स्पेन-रशियापर्यंत पायी माल विकायला जात. राजाराण्यांची झुंबरं इथून गेली. मग काच-विद्यालय निघालं. मग मोठं युद्ध. आणि मग एकदम सरकारी कारखाना, पोहण्याचा तलाव, महापौर आणि मधमाश्या पाळणाऱ्या कुणा गृहस्थाशी त्यांचं चाललेलं भांडण. तारखांचं विचारू नका. तारीख पानाच्या माथ्यावर असते, आणि पान चारात फाडलं की ती एखाद्याच तुकड्यावर, तीही अर्धीमुर्धी येते. एकदा आईला अशी एक पुरी तारीख सापडली. ती चांगली पंधरा वर्षं जुनी होती. बाबांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, "मध्येच एखादा जुना अंक येतोच गं." तो तुकडा संकीर्णमध्ये गेला. घरात इंटरनेट होतं, कॉम्प्युटर हॉलमध्येच होता, पण तिकडे त्यांनी कधी विचारलं नाही. "तिथे कोणीही काहीही लिहितं. हे छापलेलं आहे." छापलेल्यावर एवढी श्रद्धा असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

बरं, ज्या शारजात ते बावीस वर्षं राहत होते, तिथला किल्ला कुठल्या बाजूला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या इमारतीच्या मागच्या रस्त्याचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. तो 'शवर्मावाल्याचा रस्ता' होता. "इथे काय, आज आहोत, उद्या व्हिसा खलास," असं म्हणून ते विषय संपवायचे. पण एकट्या बाबांना कशाला हसा? आमची सगळी इमारतच असल्या भूगोलतज्ज्ञांनी भरलेली होती. चौथ्या मजल्यावरच्या सबनीसकाकांनी पुण्यात बावधनला फ्लॅट बुक केला होता. त्याच्या स्लॅबवर कुठल्या दिवशी पाणी मारलं, तिथून आंब्याचं झाड किती पावलांवर आहे, हे ते शारजात बसून सांगायचे. त्यांच्या शेजारचं कुटुंब कॅनडाच्या थंडीबद्दल असं बोलायचं की आम्हाला स्वेटर घालावासा वाटे. सगळे दुसरीकडेच राहत होते. शारजात फक्त भाडं भरत होते आणि पार्किंग शोधत होते.

मी बारावीत गेले आणि हा विनोद माझ्या अंगावर आला. एका शुक्रवारी इस्त्रीखालून एक जाहिरात निघाली. ब्रुस्नोवच्या काच-विद्यालयात प्रवेश सुरू, वसतिगृहाची सोय, परदेशी विद्यार्थ्यांचं स्वागत, मुलींचंही. बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली. नंतर त्यांनी ती जाहिरात आम्हाला तीनदा वाचून दाखवली, आणि तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज थोडा कापरा झाला होता. तेव्हा मला त्याचंही हसूच आलं. अठरा पूर्ण झाल्यावर आमच्यासारख्या मुलांपुढे तिथे एकच प्रश्न असतो: आता कुठे? कोणी मणिपाल म्हणतं, कोणी मेलबर्न म्हणतं. आमच्या घरात उत्तर मिळालं होतं. बाबांनी विद्यालयाला कुरियरने पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. "युरोपात लोक सावकाश उत्तर देतात, विचार करून," ते म्हणाले.

"बाबा, आय कान्ट ड्रॉ," मी म्हटलं.

"शिकवतात गं तिथे. म्हणून तर शाळा."

"अँड आय डोन्ट नो चेक!"

"मी तरी कुठे शिकायला गेलो होतो?"

मग बर दुबईत, मीना बाजारच्या एका कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर मला चित्रकलेचा क्लास लावला. दर गुरुवारी अब्र्याच्या, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या लाकडी होड्यांच्या, धक्क्यासमोरून तिथे जायचं आणि कोळशाने काचेची सुरई काढायची. माझी सुरई बघून बाई म्हणाल्या, "बेटा, ये लोटा अच्छा है." बाबांनी तो लोटा फ्रेम करायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा आईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

मला पुण्याला जायचं होतं. वकिली करायची होती, असं मी सांगायची, पण खरं म्हणजे मला मावशीची स्कूटर हवी होती, फर्ग्युसन रस्त्यावरून एकटीने फिरायचं होतं, आणि दर उन्हाळ्यात दोन महिने दिसणारं ते पुणं बारा महिने हवं होतं. आज कबूल करते, माझं पुणंही बाबांच्या ब्रुस्नोवइतकंच चतकोर होतं. आंबे, मामेभावंडं आणि कोणी अभ्यासाला न बसवणं, एवढंच त्याच्यात छापलेलं होतं. पण सतरा वर्षांच्या मुलीला आपला वेडेपणा वेडेपणा वाटत नाही. पुण्याच्या कॉलेजच्या फॉर्मवर पालकांची सही लागायची, आणि बाबा तो फॉर्म जेवणाच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवून म्हणाले, "राहू दे तिथे. पत्राचं उत्तर आलं की बघू." काचेखालून तो फॉर्म मला रोज जेवताना दिसायचा. शेवटची तारीख जवळ येत होती.

अशात ब्रुस्नोव स्वतः चालत शारजाला आलं. एका मोठ्या लग्नाच्या हॉलात टांगायचं झुंबर आलं होतं, इतकं मोठं की ते बसवायला कंपनीने तिकडचा फिटर पाठवला. पाव्हेल त्याचं नाव. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, इथल्या उन्हाने मिरचीसारखा लाल झालेला माणूस. बाबांनी त्याला गोदामात गाठला आणि घरी आले ते बूट न काढताच आत शिरले. "अगं, ब्रुस्नोवचा आहे! तिथे जन्मलेला! शुक्रवारी जेवायला बोलावलंय." सबनीसकाका-काकूंनाही बोलावलं, कारण पाहायला कोणी नसेल तर ब्रुस्नोवचा माणूस येऊन उपयोग काय? शिवाय सबनीसांचा मुलगा नुकताच इंग्लंडच्या युनिव्हर्सिटीत लागला होता आणि ते गेले दोन महिने वाक्याची सुरुवात 'यूकेत कसं असतं' अशी करत होते. आमच्याकडूनही त्याला काहीतरी उत्तर जायला हवं होतं. शुक्रवारच्या जेवणात माझ्या काच-विद्यालयाची घोषणा होणार, हे आईने मला आदल्या दिवशी कोशिंबिरीची काकडी चोचवताना सांगितलं. "तुझ्या बाबांना खूप आनंद झालाय. जरा सांभाळून घे," एवढंच म्हणाली.

मी सांभाळून घेणार नव्हते. माझ्याकडे काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी, बाबा ऑफिसला गेलेले असताना, मी कॉम्प्युटरवर ब्रुस्नोव टाईप केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. त्या अख्ख्या गावावर इंग्रजीत आठ ओळी होत्या. सातव्या ओळीत लिहिलं होतं की काच-विद्यालय बंद होऊन बरीच वर्षं झाली, इमारतीत आता वृद्धाश्रम आहे. मी ते दोनदा वाचलं आणि खुर्चीवरून उठून नाचले. त्याच संध्याकाळी बाबांना सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. बाबा इंटरनेटवर विश्वास ठेवणार नाहीत, असं कारण मी स्वतःला दिलं होतं, आणि ते कारण फार सोयीचं होतं.

आईने शुक्रवारी मसालेभात, अळूवडी, बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि लबनेचं श्रीखंड केलं. (चक्का टांगायची आमच्याकडे कोणाला सवड नव्हती. शारजातल्या समस्त मराठी श्रीखंडाचा पाया अरबी आहे, पण पुण्यात हे सांगायचं नाही.) बाबांनी वाचलं होतं की ब्रुस्नोवचे लोक प्रत्येक जेवणात उकडलेले पिठाचे गोळे खातात, आणि तसे करता येतील का, असं त्यांनी विचारून पाहिलं. आई म्हणाली, "उकडीचे मोदक करते. त्याला काय समजायचं ते समजू दे." पाव्हेल आला, बूट दाराबाहेर काढून आत आला, आणि भिंतीवरच्या नकाशापुढे थबकला. बराच वेळ बघत होता. बाबा शेजारी उभे राहिले, परीक्षकासमोर उभ्या विद्यार्थ्यासारखे. शेवटी पाव्हेलने लोखंडी पुलावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथे मी पहिली सिगारेट ओढली." बाबांनी सबनीसांकडे असं पाहिलं की बास.

त्याचं इंग्रजी तुटक होतं. मी इथे मराठीत लिहिते आहे. जेवताना बाबांनी एकामागून एक चौकश्या केल्या. पोहण्याच्या तलावाचं छप्पर झालं का? "झालं," पाव्हेल म्हणाला. महापौरांची तब्येत? पाव्हेलने अळूवडीकडे बघत सांगितलं, "त्यांना आता काही त्रास नाही." आणि ते मधमाश्यांचं भांडण? "मिटलं." माणूस भला होता. पाहुणा म्हणून आलो आहोत, यजमान मागेल ते द्यावं, एवढं त्याला कळत होतं. इतिहासावर मात्र तो अडकला. बाबांनी पायी हिंडणाऱ्या काचवाल्यांची कथा सांगितली आणि विचारलं, तुमचे पूर्वज पण असेच का?

"नाही," पाव्हेल म्हणाला. "ते जर्मन बोलणारे लोक होते. सगळं गावच त्यांचं. युद्धानंतर त्यांना घालवलं. माझी आजी देशाच्या दुसऱ्या टोकाहून आली, तिला त्यांच्यातलं एक घर मिळालं. कपाटात ताटल्या तशाच होत्या. मुरंब्याच्या बरण्यांवर कुणा बाईच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या. आजीने मुरंबा खाल्ला, पण त्या चिठ्ठ्या तिला काढवेनात."

बाबांच्या फायलीत हे कुठेच नव्हतं. त्यांचा हातातला घास तसाच राहिला. "आणि ते लोक?" त्यांनी विचारलं.

"तीस किलो सामान घेऊन जा म्हणाले. कोणाला पन्नास."

"म्हणजे आपल्यासारखंच की!" सबनीसकाका हसत सुटले. "तीस किलो चेक-इन, सात किलो हँडबॅग! त्यांना तरी पन्नास मिळाले." पाव्हेल हसला नाही. काकूंनी नवऱ्याच्या पानात न मागता पुरी वाढली.

तो विषय बाजूला सारायला म्हणून असेल, किंवा आता थांबवत नव्हतं म्हणून, बाबांनी पाण्याचा घोट घेतला, खाकरले आणि म्हणाले, "वेल, पाव्हेल, एक आनंदाची बातमी. आमची केतकी तुमच्या काच-विद्यालयात शिकायला येणार आहे. तुम्ही तिचे लोकल गार्डियन!" सबनीसकाका म्हणाले, "अरे वा! युरोप?" आणि त्यांचा चेहरा उतरलेला मी डोळ्यांनी पाहिला. बाबांनीही पाहिला. ते त्यांच्या आयुष्यातलं फार चांगलं मिनिट असावं. पाव्हेलने स्वतःच्या हाताने आणखी मसालेभात वाढून घेतला.

मी चमचा खाली ठेवला. टेबलाच्या काचेखाली, श्रीखंडाच्या वाटीच्या बाजूला, माझा फॉर्म होता.

"पाव्हेल अंकल," मी अगदी गोड आवाजात विचारलं, "दॅट स्कूल. इट्स ॲन ओल्ड-एज होम नाऊ, नो?"

पाव्हेलने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. खोटं बोलायला मी त्याला जागाच ठेवली नव्हती. "हो," तो म्हणाला. "बारा वर्षं झाली. माझी आई आहे तिथे, दुसऱ्या मजल्यावर."

"पण जाहिरात आहे," बाबा म्हणाले. "छापलेली आहे." ते उठले, संकीर्णची फाईल काढून आणली आणि तो तुकडा पाव्हेलपुढे धरला. पाव्हेलने हात धुतले, पुसले, आणि तो कागद दोन्ही हातांनी घेतला. गावचा छापखाना बंद पडला तेव्हा जुन्या अंकांचे गठ्ठेच्या गठ्ठे पॅकिंगवाल्यांनी उचलून आणले होते, त्याने सांगितलं. कागद मऊ, काचेला बरा. अजून दोन-तीन वर्षं पुरेल. तलावाला छप्पर झालं आणि पुढे तलावच बंद झाला. महापौर जाऊन बरीच वर्षं झाली. काम राहिलं नाही, तरुण माणसं राहिली नाहीत. "तुम्ही जे गाव मला सांगितलंत," पाव्हेल म्हणाला, "त्या गावात मी तरुण होतो."

"आणि काच?" बाबांनी विचारलं. फार हळू विचारलं.

"दांड्या आमच्या. लोलक आता बाहेरून येतात. आम्ही पुसतो, मोजतो, कागदात गुंडाळतो."

मग सबनीसकाकांना सगळं उमगलं आणि ते खुर्चीत मागे रेलून हसू लागले. "म्हणजे अविनाशराव, तुम्ही इतकी वर्षं रद्दीला इस्त्री करत होतात! अहो, आमच्या बावधनला निदान स्लॅब तरी पडलाय!" ते डोळे पुसेपर्यंत हसले. मीही हसले. लिहायला लाज वाटते, पण ह्या प्रकरणात ती एक गोष्ट खरी लिहायची म्हणूनच मी बसले आहे: मी हसले, आणि सबनीसांपेक्षा मोठ्याने. आई उठली, श्रीखंडाचं पातेलं उचलून सबनीसकाकांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "घ्या. तोंड गोड करा." तिच्या त्या आवाजापुढे कोणाची हसायची छाती झाली नसती.

जेवण संपलं. पाव्हेलने सहा मोदक खाल्ले आणि निघताना बाबांचा हात बराच वेळ धरून ठेवला. लिफ्टपाशी काहीतरी बोललाही, ते मला ऐकू आलं नाही. सबनीस गेले. खाली मुलं सायकली फिरवत होती, त्यांचा आरडाओरडा वरपर्यंत येत होता. आई स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होती. मी वाट बघत होते की आता बाबा ओरडतील. ओरडले असते तर मी तयार होते. सगळी वाक्यं इंग्रजीत जुळवून ठेवली होती: माझं आयुष्य, माझा निर्णय, तुम्ही कधी विचारलंत का.

बाबांनी टेबलावरच्या वाट्या एकेक करून उचलल्या, ओल्या फडक्याने काच पुसली, कोपऱ्यातून ती उचलून धरली आणि मला म्हणाले, "काढ तो." मी फॉर्म काढला. त्यांनी खिशातलं पेन घेतलं, चष्मा लावला, आणि पालकांच्या नावाखालच्या रेघेवर सावकाश, नीट सही केली. शाई वाळावी म्हणून फुंकर घातली. मग वर न बघताच विचारलं, "वृद्धाश्रमाचं तुला कुठून कळलं?"

"आय लुक्ड इट अप."

"केव्हा?"

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली होती.

"केव्हा गं?"

"थ्री वीक्स," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रागावल्याचं काही नव्हतं, हिशेब लागल्यासारखी हलवली. तीन आठवड्यांत तीन शुक्रवार येतात, आणि त्या तिन्ही शुक्रवारी मी समोर सोफ्यावर पोहे खात बसले होते, हे त्यांना आठवलं असणार. फॉर्म माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "मला एकट्याला सांगितलं असतंस, केतू, तरी मी सही केलीच असती."

आणि ते भांडी पुसायला आत गेले.